वर्गातली सुरक्षा परिषद: सात महिने वापरल्यानंतर

मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका मराठी हायस्कूलात नववी-दहावीला इतिहास-राज्यशास्त्र शिकवते. संयुक्त राष्ट्रांचा धडा म्हणजे सहा अंगांची आकृती आणि 24 ऑक्टोबर 1945 ही तारीख. मुलं पाठ करतात, पेपर झाला की विसरतात. म्हणून यंदा अभिरूप सुरक्षा परिषद, म्हणजे मुलांनीच देशांचे प्रतिनिधी होऊन चालवायची परिषद, भरवायला घेतली. तयार नमुने इंग्रजीत मिळतात आणि त्यांतले विषय आमच्या मुलांना फार लांबचे वाटतात. मी घरचाच विषय घेतला: 18 डिसेंबर 1961, गोव्याचा प्रश्न.

सामान फारसं लागत नाही. पुठ्ठ्याच्या तेरा पाट्या पुरतात. तेव्हा परिषदेत 11 देश होते, आता 15 आहेत. भारत आणि पोर्तुगाल यांना बोलायची मुभा होती, मत नव्हतं. त्या बैठकींचं इतिवृत्त संयुक्त राष्ट्रांच्या डिजिटल ग्रंथालयात फुकट वाचता येतं. त्यातला निवडक भाग सोप्या मराठीत उतरवायला मला दोन रविवार लागले. तेवढा वेळ हाताशी ठेवूनच यात पडा.

मतदानाचा तास मी विसरणार नाही. युद्ध थांबवा, भारताने सैन्य मागे घ्यावं, असा अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तानचा ठराव. बाजूने सात हात वर झाले. विरोधात चार: सिलोन, लायबेरिया, संयुक्त अरब प्रजासत्ताक (आजचा इजिप्त) आणि सोविएत संघ. तेव्हा सात मतं पुरत असत, त्यामुळे ठराव मंजूर झाला असं वाटून अर्धा वर्ग हिरमुसला. मग मी नकाराधिकाराचा नियम वाचला: पाच कायम सदस्यांपैकी एकाने जरी विरोधात मत दिलं तरी ठराव पडतो, आणि सोविएत संघ त्या पाचांतला. सोविएत संघाची पाटी धरलेली मुलगी आपल्याच हाताकडे बघत राहिली. मागून एकाने विचारलं, "टीचर, मग बाकीच्या सात जणांनी हात कशाला वर केले?" उरलेला तास त्याच प्रश्नावर गेला. दुसऱ्या दिवशी एक मुलगा आजीला विचारून आला: पाखल्यांनी (पोर्तुगीजांनी) डिचोलीचा पूल उडवला, तो त्याच दिवशी पहाटे.

आता अडचणी. बेचाळीस मुलांत तेराच बोलतात. एका देशाला तिघे दिले की निभतं. बोलकी मुलं सगळा वेळ खातात, म्हणून मी आधी प्रत्येकाकडून चिठ्ठीवर मत लिहून घेते. तीन तास जातात, पोर्शन मागे पडतो.

खरी उणीव मात्र घटक चाचणीत कळली. संयुक्त राष्ट्रांचं काम काय, याला बहुतेकांनी "भांडण आणि नकाराधिकार" एवढंच लिहिलं होतं. दोष माझा, मी त्यांना तेवढंच दाखवलं होतं. मग एका मुलीच्या काकाचं लिस्बनहून आलेलं पाकीट वर्गात फिरवलं. तिकीट पोर्तुगालचं, शिक्का तिथला, आणि घरी आणून दिलं आमच्या पोस्टमननं, एक पैसाही जादा न घेता. का? कारण 1874 साली बर्नमध्ये देशांनी एकमेकांची टपाल पोचवायचं ठरवलं. ती जागतिक टपाल संघटना आज संयुक्त राष्ट्रांच्या कुटुंबात आहे. त्यानंतर देवी रोगाचं उच्चाटन, जुन्या गोव्यातल्या चर्चना 1986 मध्ये मिळालेला जागतिक वारशाचा दर्जा, हे मुलं आपणहून विचारू लागली.

पाट्या मी जपून ठेवल्या आहेत. पुढच्या वर्षी आधी पाकीट फिरवणार, परिषद नंतर.