पवनाकाठचे छोटे लाकडी घर

पवना धरणाच्या जलाशयाकाठी असलेल्या एका छोट्या लाकडी घरात आम्ही दोघांनी शनिवार-रविवार घालवला. घर म्हणजे जेमतेम एक खोली, वर झोपण्यापुरता माळा आणि पुढे पाण्याकडे तोंड केलेला ओटा. परंतु पहाटे त्या ओट्यावर बसून तुंग आणि तिकोना हे किल्ले धुक्यातून हळूहळू उलगडताना पाहिले, तेव्हा जागेची उणीव मुळीच जाणवली नाही. पिठले-भाकरीचे जेवण साधे आणि रुचकर होते. शेजारच्या तंबूंमधील कर्णकर्कश गाणी मात्र मध्यरात्रीपर्यंत चालू राहिली. शांततेसाठी येणाऱ्यांना याची पूर्वकल्पना मालकांनी द्यायलाच हवी. माळ्याची शिडी उभी असल्याने वृद्धांना हे घर सोयीचे नाही. जलाशयात पोहण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण पाण्याच्या खोलीचा अंदाज काठावरून येत नाही.