सूर्यफुलाचं तेल अंगाला: नऊ महिन्यांचा अनुभव

ऑक्टोबरपासून आमच्या घरात दोघंजण सूर्यफुलाचं तेल अंगाला लावतो आहोत, मी आणि माझे वडील. अण्णा 78 वर्षांचे आहेत. आता जून संपत आला. म्हणजे लातूरची थंडी, लातूरचा उन्हाळा आणि पावसाची पहिली दमट हवा, सगळं या तेलानं बघितलं. आता लिहायला हरकत नाही असं वाटलं.

सुरुवात अण्णांच्या नडग्यांपासून झाली. दिवाळीच्या आधीच त्यांच्या पायांची कातडी ताणल्यासारखी चकाकायला लागायची आणि तिच्यावर आटलेल्या तळ्यातल्या मातीसारख्या बारीक भेगा पडायच्या. काळे मोजे झटकले की फरशीवर पांढरा कोंडा. रात्री झोपेत खाजवून चादरीला रक्ताचे डाग. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं की हा वयामुळे आलेला कोरडेपणा आहे. पाणी कोमट घ्या, साबण फक्त काखेत आणि जांघेत लावा, अंघोळीनंतर लगेच काहीतरी स्निग्ध लावा. त्यांनी दिलेलं लोशन चांगलं होतं, पण अण्णांना त्याचा वास सोसेना. सूर्यफुलाचं तेल चालेल का असं विचारलं, तर त्या लगेच हो म्हणाल्या.

हेच तेल का? आपल्या कातडीच्या सगळ्यात वरच्या थरात पेशींच्या मधे स्निग्ध पदार्थांचं लिंपण असतं. त्यानंच आतलं पाणी आत राहतं. हे लिंपण धरायला लिनोलेइक नावाचं स्निग्ध आम्ल लागतं आणि ते शरीराला स्वतः बनवता येत नाही. साध्या सूर्यफुलाच्या तेलात ते साधारण 60 टक्के असतं, शिवाय ई जीवनसत्त्वही भरपूर. खोबरेलात लिनोलेइक नावापुरतंच. 1975 सालीच संशोधकांनी दाखवून दिलं होतं की ज्यांच्या शरीरात या आम्लाची कमतरता आहे त्यांच्या हातावर नुसतं सूर्यफुलाचं तेल चोळलं तरी तिथली खपली आणि पाणी उडून जाणं कमी होतं. हे वाचलं आणि माझा निर्णय झाला.

तरी खात्री करून घ्यावी म्हणून पहिले तीन आठवडे अण्णांच्या डाव्या नडगीला सूर्यफूल आणि उजव्या नडगीला खोबरेल लावलं. कोंडा दोन्हीकडे कमी झाला, हे मान्य करायलाच हवं. पण दुसऱ्या आठवड्यात अण्णा आपणहून म्हणाले, "डाव्या पायाला बरं वाटायलंय बघ. खाज नाही तिकडं." त्या दिवसापासून दोन्ही पायांना सूर्यफूल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तेल कोरड्या अंगाला लावू नका. आम्ही पहिले आठ दिवस तीच चूक केली. तेल वर चिकटून राहायचं, पायजमा तेलकट व्हायचा, कातडी आतून कोरडीच. नंतर जमलं ते असं: अंघोळ झाली की टॉवेलनं अंग नुसतं टिपायचं, रगडायचं नाही. कातडी ओलसर असतानाच सहा-सात थेंब तळहातावर घ्यायचे, दोन्ही हात एकमेकांवर चोळायचे आणि गुडघ्यापासून घोट्यापर्यंत हलक्या हातानं खाली आणायचे. पाणी आणि तेल एकत्र आलं की क्षणभर दुधाळ पातळ थर दिसतो. मिनिटभरात तो जिरतो. एवढ्या थेंबांत एक नडगी होते. धार धरून ओतायची गरज अजिबात नाही.

आणि तळपाय सोडा. एकदा घाईत मी अण्णांच्या तळव्यांनाही तेल लावलं आणि न्हाणीच्या उंबऱ्यावर त्यांचा पाय सरकला. भिंतीचा आधार मिळाला म्हणून निभावलं, पण माझ्या पोटात गोळाच आला. घरात म्हातारं माणूस असेल तर तळव्यांना रात्री, अंथरुणात बसल्यावर, मोजे घालूनच.

माझं स्वतःचं दुखणं म्हणजे हात. मी शाळेत शिकवते. दिवसभर खडू, दर तासाला हात धुणं, घरी आल्यावर भांडी. बोटांची पेरं फुटायची आणि लिंबू पिळलं की डोळ्यांत पाणी यायचं. तेल एकटं इथं पुरलं नाही, कारण पुढच्या धुण्यात ते निघून जातं. मग चार भाग तेलात एक भाग मधमाश्यांचं मेण, गरम पाण्यात भांडं ठेवून वितळवलं आणि छोट्या डबीत ओतलं. थंड झाल्यावर मऊ मलम होतं. ती डबी आता पर्समध्ये असते. जानेवारीनंतर पेरं फुटली नाहीत.

खरेदीबद्दल. घाण्याचं तेल घेतलं तर छान, पण जानेवारीत महिनाभर मी स्वयंपाकघरातलं रिफाइंड वापरून पाहिलं आणि अण्णांच्या पायांना काहीच फरक कळला नाही. बघायचं ते वेगळंच. पुडक्याच्या मागे पोषणमूल्यांचा तक्ता असतो. त्यात 100 ग्रॅममागे पॉलीअनसॅच्युरेटेड (सूर्यफुलात म्हणजे जवळपास सगळं लिनोलेइकच) 60 च्या आसपास असेल तर ते आपल्या कामाचं. मोनोअनसॅच्युरेटेड 80 च्या वर असेल तर ते हाय ओलिक जातीचं, म्हणजे ओलिक हे दुसरं आम्ल जास्त असलेलं. तळणाला ते उत्तम, टिकतंही जास्त, पण त्यात लिनोलेइक फार थोडं उरतं. ऑलिव्ह तेलही ओलिक आम्लाचंच. शेफील्डच्या संशोधकांनी 2013 साली मोठ्या माणसांच्या हातांवर दोन्ही तेलं लावून पाहिली, तेव्हा ऑलिव्हनं वरचा थर कमकुवत झाला आणि सूर्यफुलानं तो शाबूत राहिला. महाग म्हणजे चांगलं असं मानून ऑलिव्ह चोळणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

या तेलाचा खरा दोष म्हणजे ते लवकर खवट होतं. एप्रिलमध्ये न्हाणीच्या खिडकीत ठेवलेली बाटली पंधरा दिवसांत गेली. तोंडाशी पिवळट चिकट कड धरली आणि जुन्या शेंगदाण्यांसारखा वास यायला लागला. तो वास टॉवेलांना आणि उशीच्या अभ्र्यांना असा बसला की सोडा घालून उकळत्या पाण्यात भिजवले तेव्हा कुठे गेला. एका दुकानातून आणलेली बाटली तर पहिल्या दिवसापासूनच खवट निघाली. आता मी पाव लिटरच्या वर घेत नाही, रोजच्यापुरतं गडद रंगाच्या छोट्या बाटलीत काढते आणि बाकीचं फ्रीजमध्ये. असं खवट तेल अंगाला लावू नका, वाया गेलं तरी चालेल.

केसांना मात्र खोबरेलच. मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या संशोधकांनी 2003 साली तुलना केली होती. केसांतलं प्रथिन धुपणं फक्त खोबरेलानं कमी झालं, सूर्यफुलानं नाही. टाचांच्या खोल भेगांनाही कोकमतेल सरस. आणि नावात सूर्य असला तरी उन्हापासून हे तेल वाचवत नाही, सनस्क्रीन वेगळं लावायलाच हवं.

तान्ह्या बाळाला लावावं का, असं शेजारची सून विचारत होती. ढाक्याच्या रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना हे तेल लावल्यावर जंतुसंसर्ग 41 टक्के कमी झाल्याचं 2005 साली प्रसिद्ध झालं होतं. पण नंतर मँचेस्टरमध्ये पूर्ण दिवसांच्या बाळांवर पाहिलं तेव्हा सूर्यफूल आणि ऑलिव्ह दोन्हींनी ओलावा वाढला, तरी कातडीतल्या स्निग्ध थरांची घडी नीट बसायला अडथळा आला. म्हणून तिला मी म्हटलं, आधी बाळाच्या डॉक्टरांना विचार, मगच लाव.

पाऊस सुरू झाल्यापासून मी हातांपुरतं मलम ठेवलंय, बाकी अंगाला चिकचिक होते. अण्णांचं रोजचं चालू आहे. परवा फ्रीजमधली बाटली त्यांनी उजेडात धरली आणि हाक मारली, "अगं, तेल गढूळ झालंय, नासलं काय?" घाण्याच्या तेलातलं मेण गारव्यानं गोठतं, त्याचा तो गढूळपणा. बाटली ओट्यावर ठेवली. चहा होईपर्यंत बरंचसं निवळलं आणि अण्णा पायजमा गुडघ्यापर्यंत गुंडाळून पाटावर येऊन बसले.