सिनसिनाटीतली माँटेसरी: खासगी की सरकारी?

रोममध्ये 1907 साली मारिया माँटेसरींनी पहिलं बालघर उघडलं ते सान लोरेन्झोच्या कष्टकरी वस्तीत. आज अमेरिकेत माँटेसरी म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांसमोर सुखवस्तू, बहुतांशी गोरी मुलं येतात. ही ओळख मुख्यतः खासगी शाळांमुळे झाली. तिथे दारातच फी उभी असते. वर्ण आणि संपत्ती अमेरिकेत इतके एकमेकांत गुंतलेत, की फीची चाळणी आपोआप वर्णाचीही होते. थोड्याफार शिष्यवृत्त्यांनी वर्गाचा चेहरा फारसा बदलत नाही. आपल्याकडची आयटीतली कुटुंबं फॉर्मवर ‘एशियन’ची खूण करतात आणि शाळा विविध दिसू लागते, कृष्णवर्णीय शेजाऱ्याचं मूल मात्र बाहेरच राहतं. हे मला खरंच खुपतं.

अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या सिनसिनाटी शहराने 1975 मध्ये सँड्स ही सरकारी माँटेसरी सुरू केली, पुढे आणखी काढल्या. फी नाही आणि हेतू स्पष्ट: गोरी आणि काळी मुलं एका वर्गात यावीत. तेच लाकडी ठोकळे, त्याच मण्यांच्या माळा.

पण फुकट म्हणजे सर्वांना खुलं असं नव्हे. मध्यंतरी ‘आधी येईल त्याला प्रवेश’ होता, तेव्हा पालक थंडीत शाळेबाहेर तंबू ठोकून दिवसचे दिवस बसत. रोजंदारीवरच्या आईला इतकी रजा कोण देणार? सोडत त्याहून न्याय्य. मात्र अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 2007 च्या निकालानंतर केवळ मुलाचा वर्ण पाहून जागा देणं शाळांना जवळपास अशक्य झालं.

तरी माझं मत सरकारी माँटेसरीलाच.