व्याख्यानाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

डोंबिवलीत आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात महिन्याला एक व्याख्यान असतं, ऐंशी-नव्वद खुर्च्या, शेवटी चहा-बिस्कीट, आणि खरी चर्चा रंगते ती चहाच्या वेळीच. ती तिथंच विरून जायची, आणि गुडघ्यांमुळे ज्यांना जिना चढवत नाही त्यांना तर पत्ताच नसायचा. मग समितीने काम माझ्या गळ्यात मारलं, "तू आयटीतली ना गं, कर काहीतरी."

आधी मी हुशारी केली. फेसबुक पेज, लाइव्ह, वर हॅशटॅग. हॅशटॅग लावून एकच पोस्ट आली, माझीच. अर्ध्या जणांचं फेसबुक मुलाने उघडून दिलेलं, पासवर्ड मुलाकडे आणि मुलगा कॅनडात!

मग व्हॉट्सअ‍ॅप, कारण ते बहुतेकांच्या फोनमध्ये असतंच, पासवर्डची भानगड नाही. तिथेही आधी ब्रॉडकास्ट लिस्ट (एकच मेसेज प्रत्येकाला वेगवेगळा जातो ती यादी) केली आणि फसले. ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच ब्रॉडकास्ट पोचतो हे मला माहीत असून सुचलं नाही, दोन महिने निम्म्या लोकांना काही जातच नव्हतं आणि ते बिचारे "यावेळी काही पाठवलं नाहीस" म्हणून रुसून. शेवटी साधा ग्रुप. क्यूआर कोड चिकटवला होता पण स्कॅन करायला गेलं की सेल्फी कॅमेरा उघडायचा आणि काका स्वतःकडेच बघत बसायचे, म्हणून हजेरीच्या वहीतून नंबर घेऊन विचारून विचारून जोडले.

टायपिंग कुणाला नको. बोलायला सगळ्यांना हवं. पण माइक दाबून धरायचा हेच जमेना, बोट उचललं की क्लिप गेली, एका आजींच्या ओळीने बारा क्लिप आल्या, सगळ्या एकेक सेकंदाच्या, "अहो", "हे", "चालू झालं का". त्यांच्या शेजारी बसून माइक दाबून वर सरकवून लॉक करायला शिकवलं, चार वेळा करून घेतलं, आता त्याच आजी पाच-पाच मिनिटं बोलतात. (जरा जास्तच शिकवलं म्हणायचं.)

सगळ्यात रंगलं ते मृत्युपत्राचं व्याख्यान. एका काकांनी विचारलं, सोसायटीत नॉमिनेशन केलंय, मग मृत्युपत्र कशाला? वकीलबाई ग्रुपवर होत्याच, त्यांनी व्हॉइस नोटमध्येच समजावलं की नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, मालकी वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने ठरते, मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही पण दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. हॉलमध्ये जे गप्प बसले होते तेच रात्री अकरापर्यंत विचारत होते. चारचौघांत घरातलं कोण बोलणार.

आता तक्रारी. ग्रुप सतत उघडा ठेवला तर सकाळी सहापासून गुलाबाची फुलं सुरू, म्हणून 'फक्त अ‍ॅडमिन' (म्हणजे मीच काय ते लिहू शकते) लावून ठेवते आणि व्याख्यानाच्या दिवशी तेवढा संध्याकाळी उघडते. एकदा उघडा असताना मी वक्त्यांचा सत्काराचा हार घातलेला फोटो टाकला, खाली ओळ लिहायची राहिली, तर एकाने "भावपूर्ण श्रद्धांजली" टाकलं आणि पाठोपाठ सतरा जणांनी हात जोडले. वक्ते ग्रुपवर होते. माणूस दिलदार, "अजून आहे मी" एवढंच लिहिलं. तेव्हापासून ओळ आधी टाइप करते, फोटो नंतर.

नंबर सगळ्यांना दिसतात हे मला अजून खुपतं. एका काकूंना विम्यासाठी फोन यायला लागले, फोन करणारा ग्रुपमधलाच. त्याला काढला, पण नंबर गेला तो गेला. व्हॉट्सअ‍ॅपच्याच चॅनेलवर नंबर झाकलेले राहतात खरे, पण तिथे व्हॉइस नोटने प्रश्न विचारता येत नाही, मग आमच्या काय कामाचं.

आणि व्हॉइस नोटमध्ये शोधता येत नाही. गेल्या महिन्यात कुणी काय सांगितलं ते हवं असेल तर सगळं परत ऐका. मी दीडपट स्पीडने ऐकून एक पान लिहून काढते, मोठ्या अक्षरात प्रिंट काढून फळ्यावर लावते, तासभर सहज जातो. ज्यांच्याकडे साधा बटणाचा फोन आहे ते त्या पानापुढे चष्मा सावरत उभे असतात, आणि गंमत म्हणजे ग्रुपवरचेही त्याच पानाचा फोटो काढून परत ग्रुपवर टाकतात.

पाचपैकी साडेतीन देईन. कुणी सुरू करणार असाल तर पहिल्याच दिवशी प्रत्येकाच्या फोनमधलं मीडिया ऑटो-डाउनलोड बंद करून द्या. मी केलं नाही, आणि आता फोन भरला की सगळे माझ्याकडेच येतात.