माळ, मौन की मठ: आपल्या वाट्याचं काम कुठे किती

चवथ झाली, गणपती पोचवले, गणपतीवर टांगलेल्या माटोळीची फळं शेजारीपाजारी वाटून झाली आणि भाच्याने विषय काढला. "मामा, आता काहीतरी एक धरायचंय. मठात जाऊन अनुग्रह घेऊ, इगतपुरीला विपश्यनेला दहा दिवस बसू, की सरळ वारकऱ्यांची माळ घालू?" वय चौतीस, नोकरी पणजीला, घर फोंड्यात. या तिन्ही वाटांवर मी थोडाफार चाललो आहे, आणि त्यातल्या दोन अर्ध्यावर सोडल्या आहेत. त्यामुळे सल्ला देण्याचा अधिकार नसला तरी अनुभव आहे.

श्रेष्ठ वाट कुठली, हे मी त्याला सांगितलं नाही. माझ्या मते प्रश्न असा आहे: काम न करता केल्यासारखं वाटण्याची सोय तुला कुठे जास्त आहे? ती वाट टाळ.

आपले प्रयत्न किती आणि देवाची कृपा किती, हा वाद जुनाच. माकडिणीचं पिल्लू आईच्या पोटाला स्वतः घट्ट धरून राहतं, मांजरीच्या पिल्लाला आईच तोंडात धरून नेते. दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांत वडकलै आणि तेनकलै या शाखांच्या मतभेदातला हा एक मोठा मुद्दा. गीतेत तर दोन्ही सापडतं: सहाव्या अध्यायात 'उद्धरेदात्मनात्मानम्', अठराव्यात 'मामेकं शरणं व्रज'. ज्याला जे सोयीचं, तो ते पाठ करतो.

आधी मठ. आपल्याकडे सारस्वतांच्या घरात हा प्रश्न बऱ्याचदा जन्मानेच सुटलेला असतो. कोणाचं घराणं कवळे मठाचं, कोणाचं पर्तगाळीचं. स्वामी येतात, पाद्यपूजा होते, मंत्र मिळतो. परंपरेचा आधार मिळतो, आणि चुकलं तर कान धरणारं कोणीतरी असतं. पण पळवाटही इथेच. मंत्र घेतला तेव्हा रोज एक माळ जप ठरला होता. सुरुवातीला केला, मग रविवारपुरता उरला, मग जपमाळ कपाटात गेली. कोणी विचारलं की मी म्हणायचो, "गुरूंची इच्छा असेल तेव्हा होईल." गुरूंनी बिचाऱ्यांनी माझं कपाट पाहिलंही नव्हतं.

विपश्यना याच्या अगदी उलट. पहाटे चारला घंटा, दिवसाला सुमारे दहा तास बसणं, आर्य मौन, फोन नाही, वही-पेन नाही. पहिले तीन दिवस फक्त श्वास. चौथ्या दिवसापासून अंगावरच्या संवेदना बघायच्या, आणि मग दिवसातून तीनदा तासभर न हलता बसायचं. शुल्क नाही, शिबिर पूर्ण केल्यावर हवं तर दान द्यावं. आदल्या दिवशी पोचायचं आणि अकराव्या सकाळी निघायचं, त्यामुळे रजा बाराची धरावी लागते. इथे तुझ्यासाठी कोणी काही करत नाही. पाय दुखतो तो तुझाच, आणि तो का दुखतोय यावर चर्चा करायलाही कोणी नाही. जबाबदारी टाळणाऱ्याला हे औषध उत्तम. मात्र घरी आल्यावर सकाळ-संध्याकाळ तासतासभर बसायला सांगतात, आणि गळती तिथेच सुरू होते. मी तीन आठवडे बसलो. त्यानंतर 'मी दहा दिवस मौनात होतो' हे चारचौघांत सांगणं तेवढं चालू राहिलं.

माळेबद्दल जरा जास्त लिहितो, कारण गोंयकाराची खरी कसोटी इथे आहे. तुळशीची माळ घातली की मांसाहार आणि दारू बंद, एकादशी आणि पंढरीची वारी आली. गोव्यातून आषाढीला पायी दिंड्या निघतात, ते चालणं एक वेळ जमेल. पण नुस्तं, म्हणजे मासळी? सोमवारी न खाणं वेगळं, आणि कायमचं सोडणं वेगळं. मला ही माळ थोर वाटते ती याचसाठी. मनात भाव किती आहे हे कोणी मोजू शकत नाही. ताटात काय आहे ते बायको, आई, शेजारीण सगळ्यांना दिसतं. पळवाट इथेही आहे, 'मी पाळतो' म्हणून न पाळणाऱ्याकडे नाक मुरडण्याची. ती मी फार जवळून पाहिली आहे. नको इतकी.

"मग देवाला कौल लावूया का?" भाचा म्हणाला. मला हसू आलं. घर विकायचं की नाही म्हणून मी एकदा प्रसाद लावला होता. ओली पाकळी मूर्तीवर लावली, सगळे श्वास रोखून बघत राहिलो, आणि ती डावीकडून पडली. म्हणजे नाही. मी पुन्हा लावायला सांगितलं. तिसऱ्या वेळी उजवीकडून पडली तेव्हा मी 'देवाने हो म्हटलं' असं घरी येऊन सांगितलं. कौलावर माझा राग नाही. पण उत्तर आधीच ठरवून गेलेल्याने देवाला साक्षीदार करू नये.

आमच्या शेजारी एक कॅथलिक मित्र आहे, तो चर्चच्या फेस्ताआधी कुमसाराला, म्हणजे पाद्रीपुढे पापांची कबुली द्यायला, जातो. क्षमा पाद्रीकडून ऐकायला मिळते, पण प्रायश्चित्त त्यालाच करावं लागतं, आणि कोणाचं काही लाटलेलं असेल तर ते परत नेऊन देण्याचं काम पाद्री करत नाही. मला ही वाटणी आवडते.

भाच्याचं म्हणाल तर तो बोलका आहे, चारचौघांत रमणारा. दहा दिवसांच्या मौनाची बढाई त्याला महिनाभर पुरेल. अनुग्रह घेतला तर सगळं स्वामींवर सोपवून मोकळा होईल. आमच्या घराण्यात ही सवय आहे. म्हणून मी माळेकडे झुकलो, पण घाल असं म्हटलं नाही. म्हटलं, तीन महिने माळ न घालता सगळं पाळून बघ. कोणाला सांगू नकोस.

परिवर्तिनी एकादशीला त्याने सुरुवात केली. द्वादशीला सकाळी त्याचा फोन आला. फोंड्याच्या बाजारातून बोलत होता. मागून मासे विकणाऱ्या नुस्तेकान्नीचा आवाज ऐकू येत होता. "मामा, बांगडे आलेत, ताजे. तुम्हाला हवेत का?"

मी विचारलं, "आणि तुला?"

"तुम्हालाच विचारतोय," तो म्हणाला.