तेहेतिसावं प्रकरण उघडून बघा

"माणूस चांगला आहे. पुस्तक ओरिजिनल आलं, पॅकिंगही व्यवस्थित. बिनधास्त घ्या." हे वाक्य माझं आहे. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी ते टाकलं आणि पुढचा महिनाभर एका भामट्याने त्याचा स्क्रीनशॉट दाखवून माझ्याच मित्रांना गंडवलं.

ग्रुप साधा आहे. जुन्या कंपनीतले चाळीसेक प्रोग्रॅमर, आता हिंजवडी, खराडी, मगरपट्टा असे पांगलेले. निम्म्या गप्पा स्वस्तात पुस्तकं कुठे मिळतील याच्या. पगार बरे असले तरी डॉलरमध्ये छापलेली किंमत बघून अजूनही पोटात गोळा येतो. मग कुणी अप्पा बळवंत चौकात जुन्या आवृत्त्या धुंडाळतो, कुणी 'फक्त भारतीय उपखंडात विक्रीसाठी' छापलेली स्वस्त प्रत शोधतो. काही जण सरळ पीडीएफवर भागवतात आणि ते उघडपणे कबूल करत नाहीत.

अशात ग्रुपवर एक जण आला. कुणाच्या ओळखीने, हे नंतर कुणालाच सांगता आलं नाही. म्हणाला, एका कंपनीची लायब्ररी मोडीत निघतेय, दोनशे पुस्तकं आहेत, पाव किमतीत देतो. मी नेटवर्किंगचं एक पुस्तक अडीचशे रुपयांना मागवलं. चार दिवसांत आलं. आत लायब्ररीचा शिक्का, शेवटच्या पानावर तारखांची चिठ्ठी. एकदम खरं. मी खूश होऊन ते वाक्य टाकलं. ते अडीचशेचं पुस्तक म्हणजे गळाला लावलेलं गांडूळ होतं, हे आता कळतंय.

मग ऑर्डरींची रांग लागली. तो म्हणाला, "सर, सगळ्यांचे पैसे वेगवेगळे आले की हिशेब चुकतो. तुम्हीच गोळा करून पाठवा ना." मला हिशेब ठेवायची भारी हौस. अकरा जणांची सतरा पुस्तकं, मी एक्सेल शीट केली: नाव, फोन, पुस्तक, रक्कम. तीच शीट त्याला पाठवली. अकरा जणांचे नंबर मी स्वतःच्या हाताने त्याला दिले, हे लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

पुस्तकांचे 18,000 झाले. त्याने बिलात 18 टक्के जीएसटी लावून 21,240 मागितले आणि आम्हाला तो उलट जास्तच पक्का वाटला. "जीएसटी लावतोय म्हणजे माणूस सरळ आहे," असं एक जण म्हणालाही. छापील पुस्तकांवर जीएसटी नसतो. अकरा सुशिक्षित माणसांपैकी कुणाच्या डोक्यात हे आलं नाही. यूपीआयवर पैसे पाठवताना खातेदाराचं नाव भलतंच दिसलं, तेव्हा "भावाचं खातं आहे सर" एवढ्यावर माझं समाधान झालं.

तीन आठवडे "कुरिअर निघालंय" ऐकल्यावर एका शनिवारी संध्याकाळी खोका आला. सतराऐवजी सहा पुस्तकं. त्यात तीन प्रती 'इंट्रोडक्शन टू अल्गोरिदम्स'च्या. आम्ही त्याला लेखकांच्या आडनावांवरून सीएलआरएस म्हणतो. मुखपृष्ठ चौथ्या, म्हणजे 2022च्या आवृत्तीचं, गुळगुळीत, झकास. मला त्यातलं मशीन लर्निंगचं नवं प्रकरण हवं होतं, तेहेतिसावं. उघडलं तर कॉम्प्युटेशनल जॉमेट्री! ते तर 2009च्या तिसऱ्या आवृत्तीतलं तेहेतिसावं प्रकरण. चौथीत ते काढून टाकलंय. मग एकेक दिसायला लागलं. चौथ्या आवृत्तीत आकृत्या रंगीत आहेत, इथे सगळं झेरॉक्ससारखं करडं. मागच्या बारकोडखालचा आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, एक, आत कॉपीराइटच्या पानावरचा दुसरा. तिसऱ्या आवृत्तीची चोरटी छपाई करून तिला चौथीचं कव्हर डकवलं होतं. आयएसबीएनचे तेरा आकडे आलटून पालटून 1 आणि 3 ने गुणून बेरीज दहाच्या पटीत येते का, हे तपासायचा प्रोग्रॅम मी कॉलेजात लिहिला होता. इथे तोही कामाला आला नसता. दोन्ही आकडे खरेच होते, फक्त वेगवेगळ्या पुस्तकांचे.

फोन केला. त्याने लगेच माफी मागितली, इतकी लगेच की तिथेच शंका यायला हवी होती. "रिफंडचा क्यूआर पाठवतो सर, स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील." एवढं मात्र मला ठाऊक होतं. यूपीआय पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच नाही. मी फोन ठेवला.

इथपर्यंतचा मूर्खपणा मी स्वतःला माफ करू शकतो. पुढचा नाही. ग्रुपवर ताबडतोब लिहायला हवं होतं. मी लिहिलं नाही. दहा जणांचे पैसे माझ्या हातून गेलेत, काय तोंड दाखवू, आधी काही मार्ग निघतो का बघू, उद्या नीट शब्दांत सांगू, असं करत झोपलो.

रविवारी सकाळी दहा वाजता त्याने माझ्या शीटमधल्या नंबरवर आमच्या ग्रुपमधल्या सगळ्यात लहान मुलीला फोन केला. नोकरीला जेमतेम वर्ष झालेलं. "दादांशी बोलणं झालंय, रिफंड चालू केलाय," म्हणाला आणि माझं वाक्य पाठवलं. तिने 1,652 चा क्यूआर स्कॅन करून पिन टाकला. पैसे गेले. "अरे, उलटं झालं मॅडम, दुसऱ्या क्यूआरने दोन्ही परत येतील," म्हणून आणखी 4,999. एकूण 6,651. माझ्या एका रात्रीच्या गप्प बसण्याची किंमत तिने भरली.

दुपारी तिचा फोन आला तेव्हा पहिलं काम 1930 ला कॉल करायचं केलं. हा सायबर फसवणुकीचा देशभरचा हेल्पलाइन नंबर. व्यवहाराचा 12 आकडी यूटीआर नंबर, वेळ, बँक एवढं हाताशी ठेवा, आणि तासाभरात करा, कारण पैसे पुढच्या खात्यांत सरकायच्या आत अडवता आले तरच उपयोग. मग सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर स्क्रीनशॉटसकट तक्रार. तिच्या रकमेतला काही भाग गोठवल्याचा मेसेज आला. माझे 21,240 जाऊन तीन आठवडे झाले होते, त्यांचं काय व्हायचं ते उघड आहे.

संध्याकाळी ग्रुपवर सगळं लिहिलं, शनिवारच्या रात्रीसकट. दहाही जणांचे पैसे मी परत करतोय. दोघांनी घ्यायला नकार दिला, त्याने जास्त लागलं. ती मुलगी मात्र पैसे घेऊन एवढंच म्हणाली, "दादा, मला शनिवारी फोन केला असता ना तरी चाललं असतं."

आता ग्रुपवर कुणी स्वस्त पुस्तकाची ऑफर टाकली की पहिला मेसेज तिचाच असतो: कॉपीराइटच्या पानाचा आणि मी सांगेन त्या पानाचा फोटो पाठवा, शेजारी आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवून. गेल्या महिन्यात दोन विक्रेते त्यावर काही न बोलता ग्रुप सोडून गेले.