लोनवर मशीन घेताय? नवं की जुनं, माझा अनुभव

मी दोन्ही केलंय. पहिलं पोकलेन जुनं घेतलं फायनान्स काढून, दुसरं कोरं, तेही लोनवरच. मॉडेल कुठलं, बकेट केवढं हे तुम्हाला माहीत असणारच, ते सोडतो.

जुन्याची ओढ मला समजते. सुरुवातीच्या वर्षांत किंमत जी धपकन उतरते ती आधीच्या मालकाने सोसलेली असते. व्याज सहसा जास्त आणि मुदत कमी, हे मी धरूनच चाललो होतो. नडलं ते व्हॅल्युएशन.

आपल्याला वाटतं सौदा ठरला की लोन त्या किमतीवर बसेल, पण फायनान्सवाल्यांचा माणूस येतो, मॉडेलचं वर्ष बघतो, आवरमीटर (मशीन किती तास चाललं ते) बघतो, फोटो काढतो आणि आकडा टाकतो, लोन त्या आकड्यावर. समजा सौदा १०० ला ठरला आणि तुम्ही खिशातून २५ घालायच्या तयारीत आहात. व्हॅल्युएशन आलं ८०, त्याचे ७५ टक्के म्हणजे लोन ६०, आता तुम्हाला ४० उभे करायचेत, तेही विकणारा दुसरं गिऱ्हाईक बघायच्या आत. माझ्या मशीनचं अंडरकॅरेज मालकाने नुकतंच बदललेलं, चेन, रोलर सगळं नवं, त्यासाठीच तर मी किंमत वाढवून दिली होती, व्हॅल्युएशनमध्ये त्याची दखलच नाही. खूप चिडलो, पण त्यांचंही पूर्ण चूक म्हणता येत नाही, हप्ते थकले तर मशीन विकून काय येईल तेच ते बघणार. शेवटी फरक मी भरला, डिझेल आणि ऑपरेटरच्या पगारासाठी ठेवलेल्या पैशांतून. तिसऱ्या महिन्यात हायड्रॉलिक पंप गेला तेव्हा हातात काहीच नव्हतं. ११ दिवस मशीन उभं आणि हप्त्याची तारीख त्याच आठवड्यात.

नव्यात कोटेशनवरच लोन बसतं, मार्जिन, म्हणजे खिशातून घालायचे पैसे, किती लागणार ते पहिल्या दिवशी कळतं, आणि वॉरंटीच्या मुदतीत असा पंप गेला तर सहसा तो खर्च आपल्यावर येत नाही. हप्ता मोठा आहे, खोटं कशाला बोलू, महिन्याला तेवढे तास भरलेच पाहिजेत आणि बिलं अडकली की झोप लागत नाही. पण तो आकडा मला सही करतानाच माहीत होता.

दोन्हीकडे रेट फ्लॅट (शेवटपर्यंत मूळ रकमेवर व्याज) की रिड्युसिंग (फेडून उरलेल्या रकमेवरच व्याज) ते नक्की विचारा. ३ वर्षांच्या लोनला १० टक्के फ्लॅट म्हणजे रिड्युसिंगने जवळपास १८ पडतात. जुन्याला फ्लॅट रेट सांगणारे मला जास्त भेटले, तुमचा अनुभव वेगळा असू शकतो. आणि जुन्यावर आधीच्या लोनचा बोजा असेल तर त्या फायनान्सवाल्यांची एनओसी (ना हरकत पत्र) बघितल्याशिवाय टोकन देऊ नका.

घरचा मेकॅनिक असेल, काम हंगामी असेल तर जुनं वाईट नाही, फक्त जमलं तर रोखीने घ्या, नाहीतर किंमत ठरवायच्या आधी व्हॅल्युएशन करून घ्या, त्याची फी गेली तरी चालेल. लोनच काढायचंय आणि वर्षभराचं काम समोर दिसतंय तर मी तरी नव्याकडेच जाईन. माझ्या नव्याची वॉरंटी आता संपलीय, पण पंपापुरते पैसे बाजूला ठेवलेत, त्यांना हात लावत नाही.